सतरंजीवरची किसनची जागा

जुनी झाले आहे मी आता, मित्रांनो. अंबरनाथच्या एका कॉलेजच्या सभागृहात पसरली जाणारी सतरंजी आहे मी. लाल आणि निळ्या पट्ट्यांची, असं मी सांगते. तुम्ही बघाल तर विटकरी आणि राखाडी म्हणाल. म्हणा बापडे, या वयात रंगावरून कुणाशी भांडू नये. लांबीरुंदीला मात्र मी अजून तसूभरही कमी झालेले नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' अशी माणसांची म्हण आहे. ती करताना कुणी अंथरुणाला विचारलं नव्हतं, एवढंच मी म्हणते.

माणसांना मी चेहऱ्यावरून ओळखत नाही. चेहरे फार उंच असतात. मी ओळखते तळपायांवरून आणि बसण्याच्या रीतीवरून. कोण धपकन बसतो, कोण आधी हाताने जागा चाचपतो, कोण भाषण चालू असताना माझे धागे उपसत राहतो, ते सगळं मला ठाऊक असतं. कार्यक्रम संपला की मला गुंडाळून ठेवतात. गुंडाळलेली सतरंजी दुसरं काय करणार? ती झोपते आणि स्वप्नं बघते. माझं निम्मं आयुष्य असं झोपेत गेलं, म्हणून सांगताना कधी स्वप्न आणि खरं यांची सरमिसळ झाली तर सांभाळून घ्या. किसनची गोष्ट मात्र खरी आहे. ती मी पूर्ण जागी असताना पाहिली.

माझा जन्म सोलापूरकडचा. मला विणणारी बाई दुपारच्या वेळी मागावरच पेंगायची, पण हात चालूच ठेवायची. तिची ती पेंग माझ्यात उतरली असावी. तिथून मी गठ्ठ्यात बांधून उल्हासनगरला आले आणि कॅम्प चारमधल्या एका सिंधी शेटच्या दुकानात पडून राहिले. एक दिवस कॉलेजची माणसं आली. शेटने मला त्यांच्यासमोर फडकन उलगडलं. "बघा साईं, चीज एकदम पक्की. पिढ्या बसतील, पिढ्या उठतील, हिला काही होणार नाही." मला फार अभिमान वाटला. उठण्याबद्दल तो काय बोलून गेला, तिकडे माझं लक्षही गेलं नाही.

कॉलेज तेव्हा नवं होतं. माझे दिवस थाटाचे होते. स्नेहसंमेलन, व्याख्यान, निरोपसमारंभ, काहीही असलं तरी आधी मी पसरली जायची. पाहुणे म्हणायचे, "वा, सतरंजी झकास आहे." मी मनातल्या मनात आणखी ताठ पसरायची.

मला पसरण्याचं आणि उचलण्याचं काम ठरावीक मुलांकडे असायचं. फीची सवलत मिळणारी मुलं ती. बहुतेक बौद्ध वस्त्यांमधली, काही पाड्यांवरून येणारी. त्या कामाला 'मांडणी' म्हणत. खुर्च्या लावायच्या, तसबिरी पुसायच्या, सतरंजी घालायची आणि मग भिंतीपाशी उभं राहायचं. माझ्यावर बसायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. संस्थेची रीत होती, आणि रीत म्हटली की शिकलेली माणसंसुद्धा पुढचा प्रश्न विचारत नाहीत. जात हा शब्द त्या सभागृहात कधी कुणी उच्चारला नाही. मांडणी म्हटलं की भागत होतं.

त्या मुलांमध्ये किसन उबाळे होता. त्याचं उजवं पाऊल चालताना जरासं आत वळायचं. मला घातल्यावर तो गुडघ्यांवर बसून एकेक सुरकुती तळहाताने सपाट करायचा. बाकीची मुलं म्हणायची, "बस कर किसन, लग्नाची चादर आहे का?" तो हसायचा आणि कोपरा नीट करायचा. मला तो आवडायचा, लपवून काय करू?

एका वर्षी किसन रसायनशास्त्रात कॉलेजात पहिला आला. संमेलनाच्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे मला घातलं, नळावर पाय धुतले, धुतलेला पांढरा सदरा घातला आणि बक्षीस मिळालेल्या मुलांच्या रांगेत येऊन तो माझ्यावर बसला. आधी हाताने जागा चाचपली, मग अलगद टेकला. इतकी वर्षं मला सपाट करणारा मुलगा पहिल्यांदा माझ्यावर बसला होता. मला इतका आनंद झाला की वाटलं, हे स्वप्नच असणार.

मग चकचकीत बूट माझ्या कडेशी येऊन थांबले. ते तेव्हाच्या अध्यक्षांचे होते.

"तू मांडणीतला ना? मग इथे काय करतोस?"

"सर, माझं नाव आहे बक्षिसात."

"नाव असेल तर पुकारू. आधी तू ऊठ."

किसन उठला. भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने व्यासपीठावरून आवाज आला, "रसायनशास्त्रात प्रथम, किसन उबाळे. विजेते मांडणीच्या कामात असल्यामुळे त्यांच्या वतीने हेमचंद्र बक्षीस स्वीकारतील." हेमचंद्र हा अध्यक्षांचा पुतण्या, किसनच्याच वर्गातला. तो माझ्यावरून उठून गेला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. किसन कसल्याही कामात नव्हता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि तो सगळ्यांना दिसत होता.

त्याच्या जागेवर दुसरा कुणीतरी सरकून बसला. पण मित्रांनो, त्या जागेची ऊब माझ्या धाग्यांमध्ये बराच वेळ होती. पुढच्या कार्यक्रमाला मी त्या आत वळणाऱ्या पावलाची वाट पाहिली. ते आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

वर्षं गेली. किती भाषणं माझ्यावरून गेली ते विचारू नका. त्यातल्या बऱ्याच भाषणांत मी आणि श्रोते एकदमच झोपलो. समतेवरही व्याख्यानं झाली. व्याख्याते बोलत, समोरचे टाळ्या वाजवत, आणि मांडणीची मुलं भिंतीपाशी उभी राहून ऐकत. आता त्यांना 'सेवा गट' म्हणू लागले होते. नाव बदललं, भिंत तीच राहिली. गुंडाळली गेले की मला एकच स्वप्न पडायचं. रिकामं सभागृह, पसरलेली मी, आणि मधोमध एक जागा, जिच्यावर उन्हाचा कवडसा पडावा तशी ती गरम लागतेय. कुणी येऊन बसत नाही आणि ती गारही होत नाही.

एके वर्षी मला घालणाऱ्या नव्या मुलांमध्ये एका मुलीची पावलं होती. उजवं पाऊल जरासं आत वळलेलं. मी दचकले. मग मनाशी म्हटलं, म्हातारे, तू अजून झोपेतच आहेस. तिचं नाव मनाली होतं.

दोन हजार पाचच्या जुलैमध्ये वालधुनी नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. पाण्यातून निघालेली माणसं कॉलेजात आली. जनू शिपायाने कुणालाही न विचारता मला घातलं. हा जनू वांगणीचा, कॉलेज उघडलं तेव्हापासून इथेच होता. माझ्यावर ओली माणसं बसली, म्हाताऱ्या आडव्या झाल्या, तान्ही मुलं झोपली. भाषण नाही, टाळ्या नाहीत. नुसते श्वास. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. पाणी ओसरलं, माणसं घरी गेली, आणि ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, "ती आता कार्यक्रमाला नको. कोण कोण झोपलं असेल तिच्यावर." झालं. बाजारातून निळा गालिचा आला आणि माझी रवानगी व्यासपीठाखालच्या खोलीत झाली. तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. मी झोपून राहिले. रागही आला नाही. आता मीही मांडणीतली झाले होते.

मला जाग आली ती मनालीच्या आवाजाने. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. संमेलन जवळ आलं होतं आणि सेवा गट बाहेरच्या भिंतीवरचे जुने फोटो पुसत होता. तिच्याबरोबर मिलिंद नावाचा वर्गमित्र होता.

"मिलिंद, इकडे ये. हे नाव वाच."

"किसन उबाळे, रसायनशास्त्रात प्रथम. अरे, तुझ्या पप्पांचंच नाव आहे की. ते आपल्या कॉलेजला होते?"

"कधी बोलले नाहीत. नोकरी लागली म्हणून शिक्षण सोडलं, एवढंच बोलायचे. पण फोटोतला माणूस पप्पा नाहीत."

मिलिंदने फोटोची काच पुसली. मग म्हणाला, "यार, हा तर आपला अध्यक्ष आहे. फक्त टक्कल नाही."

खरंच होतं ते. पुतण्या हेमचंद्र आता संस्थेचे अध्यक्ष झाले होते.

मनाली तडक जनूकडे गेली. "जनूकाका, तुम्ही तेव्हा होतात ना? काय झालं होतं?"

"पोरी, मना नको, तुझ्या बापाला इचार," जनू म्हणाला. मग त्याने व्यासपीठाखाली वाकून मला बाहेर ओढलं. "ही घेऊन जा घरी. कड फाटलीय, शिवून आण. बापाच्या समोर टाक. मग तो बोलंल."

अशी मी इतक्या वर्षांनी रिक्षात बसून पुन्हा उल्हासनगरला आले, कॅम्प चारमध्येच. मनालीच्या घरात मला मावायला जागा नव्हती, म्हणून निम्मी उलगडून दारापर्यंत घातली. तिची आई द्रौपदी सुईत निळा दोरा ओवून माझी कड शिवायला बसली. तिचा हात हलका होता. मला पुन्हा पेंग येऊ लागली. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला आणि दोन पावलं माझ्या कडेशी येऊन थबकली. उजवं जरासं आत वळलेलं.

"अहो, आत या ना. सतरंजी आहे, साप नाही," द्रौपदी म्हणाली.

किसन आत आला नाही. उंबऱ्यावरच बसला. त्याने हात लांब करून माझी एक सुरकुती सपाट केली, आणि मग लेकीकडे न बघता सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेच. फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी त्याची आई सभागृहाबाहेर खिडकीशी उभी होती. लेकाला बक्षीस घेताना बघायला आली होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासमोरून पुस्तकं घेऊन कॉलेजला जाणं त्याला जमलं नाही. तो कारखान्यात लागला.

"पप्पा, हे कॉलेजला सगळ्यांसमोर बोलावं लागेल," मनाली म्हणाली.

"काही नको, मनू. झालं गेलं."

"झालं, पण गेलं कुठे? मी पण भिंतीपाशीच उभी राहते ना?"

किसन आता लेकीकडे वळला. "माझं शिक्षण या सतरंजीपायी गेलं. आता तुझं पण घालवू? तुझं शेवटचं वर्ष आहे. मला तुझी डिग्री बघायची आहे, बाकी कुणाची माफी नको."

 द्रौपदीने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "कड पक्की झाली बघ. आता ओढलीस तरी फाटणार नाही." तिने परवानगी दिली की नुसतं शिवणाबद्दल सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनालीने मला कॉलेजच्या पोर्चमध्ये घातलं आणि सेवा गटातली मुलं माझ्यावर बसली. मधोमध, मांडी घालून. त्यांचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. मांडणी सगळ्यांनी पाळीपाळीने करावी. आणि किसन उबाळेचं बक्षीस त्याला का मिळालं नाही, ते संस्थेने व्यासपीठावरून सांगावं.

प्राचार्य चांगले गृहस्थ होते, पण भित्रे. ते माझ्या कडेपर्यंत येऊन म्हणाले, "मुलांनो, इतकी जुनी गोष्ट उकरून काय मिळणार? उठा. नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, हे मला सांगावं लागेल."

मुलं घाबरली. मला कळतं ते. घाबरलेलं माणूस बसल्या जागी जड होतं. दोघंजण उठून गेले. मी त्यांना दोष देत नाही. मनाली बसून राहिली. दुपारी किसन डबा घेऊन आला. तिला घरी न्यायलाच आला असावा. चपला हातात घेऊन माझ्या कडेशी उभा राहिला.

"काका, बसा ना," मिलिंद म्हणाला.

"इथे बरं आहे."

तो संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला. लेकीला चल म्हणाला नाही आणि बसलाही नाही. जाताना एवढंच म्हणाला, "भाजी तिखट झालीय. पाणी जास्त पी."

हळूहळू दुसरी मुलं येऊ लागली. ज्यांनी मला कधी उचललं नव्हतं अशीही. मुलांनी पोर्चमध्येच अभ्यास मांडला. कुणी गणितं सोडवायचं, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर डुलकी काढायचं, कुणी पेटीवर नुसतेच सूर धरून बसायचं. उन्हं माझ्यावरून सरकत जायची. पुराचे दिवस परत आल्यासारखं मला वाटायचं, फक्त यावेळी माणसं कोरडी होती. शेवटी संस्थेला सुटका हवी झाली. प्राचार्य निरोप घेऊन आले: परीक्षेची धमकी मागे, मांडणी सगळ्यांची, आणि संमेलनात किसनरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनालीने वाजवल्या नाहीत. सत्कार तिने मागितलाच नव्हता.

संमेलनाच्या दिवशी निळा गालिचा बाजूला ठेवून मला सभागृहात आणलं. अजून कुणी आलं नव्हतं. मी गुंडाळलेलीच होते. इतक्यात कुणीतरी चपला काढून आलं आणि मला उलगडू लागलं. ते हात मी झोपेतही ओळखले असते. नवा सदरा घातलेला किसन गुडघ्यांवर बसून माझ्या सुरकुत्या काढत होता.

"अहो, आज सत्कार तुमचा आहे. राहू द्या ते," द्रौपदी मागून म्हणाली.

"समोर दिसली आणि हात गेले. ऐकतच नाहीत." तो ओशाळून हसला. द्रौपदीने त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि माझं दुसरं टोक धरलं.

सभागृह भरलं. किसनला वर बोलावलं. हेमचंद्र माइकपाशी उभे राहिले. किसनराव म्हणजे कॉलेजचे गुणी माजी विद्यार्थी, कष्टाळू कामगार, संस्थेला त्यांचा अभिमान, अशी वाक्यं एकामागून एक आली. मग त्यांनी शाल उलगडली. किसन खांदा पुढे करेना.

"शाल राहू द्या, साहेब," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण माइक जवळ होता. "त्या दिवशी मी कुठल्या कामात होतो, तेवढं सांगा."

 माझ्यावर बसलेली इतकी मुलं, पण एकानेही धागा ओढला नाही. हेमचंद्रांच्या हातातली शाल लोंबत राहिली. बऱ्याच वेळाने ते खाली बघून काहीतरी पुटपुटले. पहिल्या रांगेला तेवढं ऐकू गेलं असेल.

मनाली अजून मुद्दाम भिंतीपाशीच उभी होती. ती म्हणाली, "सर, मागे ऐकू आलं नाही."

हेमचंद्रांनी मान वर केली. चष्मा काढला. आणि या वेळी त्यांचा आवाज खिडकीबाहेरसुद्धा गेला.

"किसन कसल्याच कामात नव्हता. काकांनी त्याला सतरंजीवरून उठवलं होतं, त्याच्या जातीमुळे. तो त्या भिंतीपाशी उभा होता. मला दिसत होता. त्याच्याकडे बघत बघत मी त्याचं बक्षीस घेतलं."

टाळ्या वाजल्या नाहीत. त्या वाजवण्यासारखं ते नव्हतंच. किसनने हात जोडले, शाल घेतली नाही, आणि तो व्यासपीठावरून खाली उतरला. रांगांमधून वाट काढत बरोबर मधोमध आला. आधी हाताने जागा चाचपली, मग अलगद बसला. आणि मित्रांनो, तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्या कॉलेजसमोर, तोंड न लपवता रडला. मनाली येऊन त्याला खेटून बसली. त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही.

आता मांडणी सगळे करतात. विश्वस्तांची मुलंसुद्धा मला घालतात आणि वाकडी घालतात, पण मी काही बोलत नाही. शिकतील हळूहळू. मला झोप पूर्वीइतकी येते. स्वप्नं मात्र निराळी पडतात, आणि त्यांत माणसं असतात.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. मला ओलसर जागेत टाकू नका, अधूनमधून ऊन दाखवा, फाटले तर फेकण्याआधी सुईदोरा शोधा. आणि कार्यक्रमाला याल तेव्हा बसण्यापूर्वी एकदा भिंतीकडे बघा. तिथे कुणी रिकाम्या हातांनी उभं असेल, तर कारण विचारत बसू नका. थोडं सरका, त्याला हाक मारा, आणि तो नीट बसेपर्यंत भाषण सुरू होऊ देऊ नका.